लाँग्ज पीकचा वाटाड्या आणि त्याचे फोटो : प्रकल्प नोंदी, २०२४

१४ एप्रिल २०२४, रविवार

मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमात हॉलबाहेरच्या पॅसेजची एक अख्खी भिंत मिळाली. दरवर्षी तिथे साड्या-दागिन्यांचा स्टॉल असतो, यंदा तो आत हलवणार आहेत. अट एकच : लहान मुलांचे हात पोचतील तिथे काच नको.

विषय बरेच दिवस डोक्यात होता : ईनॉस मिल्सचे फोटो. इथे अमेरिकेतल्या कोलोराडोत, फोर्ट कॉलिन्सहून नैऋत्येला, हवा स्वच्छ असली की जे सपाट माथ्याचं शिखर दिसतं ते लाँग्ज पीक, उंची १४,२५९ फूट. मिल्स या शिखराचा वाटाड्या. पैसे घ्यायचे, लोकांना वर न्यायचं आणि सुखरूप खाली आणायचं, हा त्याचा धंदा. १९०६ च्या एकट्या ऑगस्टमध्ये तो ३२ वेळा वर जाऊन आला. रॉकी माउंटन नॅशनल पार्क व्हावं म्हणून जे लोक वर्षानुवर्षं मागे लागले, त्यांत सगळ्यात पुढे हाच.

आखणी साधी आहे. डावीकडे त्याचा फोटो, उजवीकडे त्याच जागेवरून आज काढलेला, खाली मराठीत चार ओळी. फोटो नवरा आणि मी काढायचे, मजकूर माझा.

बैठकीत एकाने विचारलं, "म्हणजे याने सुंदर फोटो काढले, सरकारला आवडले आणि पार्क झालं, असंच ना?" असं सगळ्यांनाच वाटतं. मला हाच समज भिंतीवर खोडून काढायचा आहे.

२७ एप्रिल, शनिवार

मिल्सचं चरित्र एका फ्रेममध्ये बसवायचं आहे, म्हणून कच्चं उतरवून ठेवते. जन्म १८७० चा, कॅन्ससमधला. तब्येत नाजूक, म्हणून १४ व्या वर्षी एकटाच कोलोराडोत आला. लाँग्ज पीकच्या पायथ्याशी स्वतःच्या हातांनी ओंडक्यांची खोली बांधली. १५ व्या वर्षी शिखर चढला. हिवाळ्यात पोटासाठी माँटानातल्या ब्यूट गावी तांब्याच्या खाणीत काम. १८८९ साली खाणीत आग लागून काम बंद पडलं तेव्हा भटकत सॅन फ्रॅन्सिस्कोला गेला आणि तिथे समुद्रकाठी त्याची निसर्गलेखक जॉन म्यूरशी गाठ पडली. पुढे आयुष्यभर तो या भेटीचा दाखला देत राहिला. १९०० नंतर पायथ्याचं जुनं उतारूघर त्याने लॅम्ब कुटुंबाकडून विकत घेतलं आणि तिथे 'लाँग्ज पीक इन' चालवलं. १९२२ साली ५२ व्या वर्षी गेला.

फोटो कुठून घ्यायचे हा प्रश्न नव्हता. त्याची पुस्तकं १९०५ ते १९२० च्या दरम्यानची आहेत आणि अमेरिकेत १९२९ च्या आधी छापलेलं सगळं आता सर्वांसाठी खुलं आहे. वाचनालयातून मूळ प्रती आणल्या आणि स्कॅनरवर ठेवल्या. पहिल्याच पानावर पडद्यावर सगळीकडे लाटा-लाटा दिसू लागल्या.

मंडळातले एक काका मुलीकडे राहायला आलेत. कोल्हापुरात त्यांचा छापखाना होता, लेटरप्रेसच्या काळातला. त्यांना बोलावलं. भिंग लावून पान पाहिलं आणि म्हणाले, "अगं, हा ब्लॉक आहे. ठिपक्यांचा फोटो. तुझ्या मशीनची जाळी याच्या जाळीवर पडते, म्हणून लाटा." मग त्यांनी पान थोडं तिरपं ठेवायला लावलं. खूप जास्त रिझोल्यूशनला स्कॅन, मग ठिपके विरघळतील इतपत धूसर, मग आकार लहान. लाटा गेल्या. मी हौसेने दोन फुटी प्रिंट काढायचं म्हटलं तर त्यांनी मान हलवली. "मोठा केलास तर फोटो मोठा होत नाही, ठिपका मोठा होतो. पानावर आहे तेवढाच लाव. बघणारा जवळ येईल."

तेच केलं. डावीकडची सगळी चित्रं पोस्टकार्डाएवढी राहतील. काकांनी पुढची दोन पुस्तकं स्वतःहून मागून घेतली आहेत आणि त्यांच्या मुलीचं जेवणाचं टेबल आता आमच्या ताब्यात आहे.

१२ मे, रविवार

आज नुसती छाननी. डोळ्यांत भरलं ते हे की, भव्य देखाव्यांचे फोटो त्याच्याकडे मी समजत होते त्याहून कमी आहेत. शिखर आहे, तळी आहेत, पण त्यांच्या बरोबरीने काय काय आहे पाहा. पहिल्या बर्फात अर्धं झाकलेलं घर, बीव्हरचं, म्हणजे ओढ्यावर बांध घालून राहणाऱ्या प्राण्याचं. बीव्हरचे बांध. हिमकडा कोसळून गेल्यावर जंगलात उरलेला उभा पट्टा. झाडांची हद्द संपते तिथली, वाऱ्याने एका बाजूला वाकवलेली झाडं. ग्रँड नदीवरचा वणवा. आणि मला सगळ्यात आवडलेलं : एक वठलेलं पिवळं पाइन, ज्याच्याखाली छापलंय की वणव्यात मेल्याला ४७ वर्षं झाली, त्यानंतरचा हा फोटो.

पाहुणा असा मथळा देत नाही. पाहुण्याला झाड मेलेलं दिसेल, ते कधी मेलं हे त्याला ठाऊक नसतं.

विल्यम हेन्री जॅक्सनचे फोटो शेजारी ठेवून पाहिले. तो हेडन यांच्या सरकारी सर्वेक्षणाबरोबर १८७१ साली यलोस्टोनला गेला, फोटोच्या जड काचा आणि रसायनं खेचरांवर लादून. ते फोटो वॉशिंग्टनला खासदारांसमोर गेले आणि १ मार्च १८७२ ला यलोस्टोन पार्कच्या कायद्यावर सही झाली. 'फोटो दाखवले, पार्क झालं' ही गोष्ट तिथली आहे, आणि तिथेही ती जरा सरळ करूनच सांगतात. १८७३ मध्ये जॅक्सन इकडेही येऊन गेला, लाँग्ज पीकही त्याने टिपला. सुरेख चित्र आहे. पण सर्वेक्षणवाला पुढच्या खिंडीत निघून जातो. मिल्स तिथेच राहत होता. त्याला तेच झाड पुढच्या पावसाळ्यात, पुढच्या हिवाळ्यात, गिऱ्हाइकांच्या पुढच्या तुकडीबरोबर पुन्हा दिसणार होतं. बीव्हरांच्या वसाहती त्याने २७ वर्षं पाहिल्या आणि मग त्यावर पुस्तक लिहिलं.

भिंतीचा क्रम यावरूनच लावणार. देखावे मागे, झाडं आणि बांध पुढे.

१५ जून, शनिवार

पहिली फेरी लाँग्ज पीकच्या पूर्वेला, टाहोसा खोऱ्यात. सासूबाई साताऱ्याहून आल्यात, त्याही बरोबर होत्या. पार्कात आता उन्हाळाभर वेळ ठरवून परवाना घ्यावा लागतो. आमचं काम पूर्वेकडच्या सात नंबर हायवेवर होतं, तिथे गर्दी कमी.

पुनर्छायाचित्रणाची पद्धत कोणाला हवी असेल तर : लेन्स कुठली याने फारसं बिघडत नाही, उभं कुठे राहता याने सगळं बिघडतं. जुन्या फोटोत जवळचा एक खडक आणि लांबची एक कड शोधायची, जिथे ती एकमेकांना स्पर्श करतात तो बिंदू पकडायचा. तुम्ही डावीकडे सरकलात की जवळचा खडक कडेवर उजवीकडे सरकतो. तो जागेवर येईपर्यंत पावलं टाकायची. मग दुसरी जोडी, थोडी वर-खाली. दोन जोड्या जुळल्या की तुम्ही त्याच्या बुटांत उभ्या असता. तास कुठला ते सावलीवरून कळतं. आम्ही टॅबलेटवर जुना फोटो अर्धपारदर्शक करून कॅमेऱ्याच्या चित्रावर ठेवतो, त्याने शेवटची एक-दोन पावलं सोपी होतात.

पूर्वेकडून दिसणारं शिखर, मिल्सच्या अंगणातलं म्हणावं असं दृश्य, आम्ही या पद्धतीने शोधत गेलो आणि जागा जुळली तेव्हा समोर शिखरच नव्हतं. झाडं होती. दाट पाइन, डोळ्यांपुढे भिंत. पंधरा-वीस पावलं बाजूला झाल्यावर फटीतून माथा दिसला. जुन्या फोटोत हाच उतार उघडाबोडका आहे, मधूनमधून पोरसवदा झाडं आणि जळके खुंट.

सासूबाईंनी दोन्ही पाहून विचारलं, "मग आधीचं जंगल कुठे गेलं होतं?"

भिंतीसमोर उभा राहणारा प्रत्येक जण हेच विचारणार. आपली सगळ्यांची समजूत अशी की जुनं ते घनदाट आणि आता सगळं बोडकं. इथे उलट आहे. रॉकीच्या पूर्व उतारांवर १९०० च्या आसपास वणवे, खाणवाल्यांची आणि आरागिरण्यांची तोड, गुरं, या सगळ्याने डोंगर खरवडलेले होते. १९०० साली बेअर लेकच्या बाजूला मोठी आग लागून गेली होती. नंतर आगी विझवण्याचं धोरण आलं आणि झाडं इतकी दाटली की तो दाटपणाच आता डोकेदुखी झाला आहे. म्हणजे मिल्स ज्या जमिनीला हात लावू नका म्हणत होता ती अनाघ्रात वगैरे नव्हती. जखमी जमीन होती, आणि तिला किती वेळ लागतो हे तो मोजत होता. ४७ वर्षांचा मथळा त्याच हिशेबातला.

परतताना सासूबाईंनी लिली लेकवर बाकावर बसून डबा उघडला. दशमी आणि लसणाची चटणी, समोर लाँग्ज पीक. त्यांच्या मते सज्जनगडाच्या पायऱ्या याहून बऱ्या.

२० जुलै, शनिवार

लाँग्ज पीकच्या वाटेवर पहाटे चारला. दुपारी वीज पडते, त्यामुळे शिखरावर जाणारे तर मध्यरात्रीच निघतात. आमचं काम झाडांच्या हद्दीपर्यंतच, साधारण ११,००० फूट.

इथली झाडं जवळून पाहायला गुडघ्यांवर यावं लागतं. एंगलमन स्प्रूस आहे, पण झाड म्हणावं तर कमरेएवढं, झुडूप म्हणावं तर बुंधा मांडीएवढा. पश्चिमेकडून वारा येतो. त्या बाजूच्या बुंध्यावर साल नाही. बर्फाचे कण आणि वाळू आपटून आपटून लाकूड पॉलिश केल्यासारखं गुळगुळीत आणि राखाडी झालंय. हात फिरवला तर कुस लागत नाही. फांद्या फक्त पूर्वेला, निशाणासारख्या. जमिनीलगतची फांदी मात्र हिरवीगार, कारण हिवाळाभर ती बर्फाखाली दडून राहते. बर्फाची पातळी कुठवर असते ते झाडावरच लिहिलेलं आहे : त्या रेषेखाली पालवी, वर काठी.

मिल्स गिऱ्हाइकांना इथेच थांबवायचा. त्याने एकदा आठ वर्षांच्या मुलीला शिखरावर नेलं आणि वाटेत हीच खुरटी म्हातारी झाडं तिला दाखवत दाखवत गेला, असं त्यानेच लिहिलंय. हा त्याच्या वाटाडेपणाचा खास भाग. वर नेणारे बरेच होते, तो थांबवायचा. त्याच्या इनमध्ये दारू, पत्ते, नाच बंद होते आणि रानफुलं तोडायला मनाई. आजच्या भाषेत गिऱ्हाईक तोडणारा मालक. पण लोक येत.

एका फोटोची मागची कड, मोरेनची (हिमनदीने लोटून आणलेल्या दगडमातीच्या ढिगाची) धार, अगदी जुळली. पुढचं वाकलेलं झाड तेच की त्याचं भावंड, हे ठरवता आलं नाही. तिथे दोन उभी आहेत, एक मेलेलं. मथळ्यात 'तेच झाड' लिहायचं नाही, 'तीच जागा' लिहायचं. ज्या मोरेनवर हे चाललं होतं तिला आज मिल्स मोरेन म्हणतात.

दहाला ढग आले, साडेदहाला गारा. पळालो.

३१ जुलै, बुधवार

या आठवड्यात काही नाही. सोमवारी लव्हलंडच्या पश्चिमेला अलेक्झांडर माउंटनचा वणवा सुरू झाला, कालपासून लायन्सजवळ दुसरा. एस्टेस पार्क गावाकडे जाणाऱ्या दोन्ही वाटांवर लफडं. अंगणात राख पडते आहे, खिडक्या बंद. शिखर दिसत नाही, समोरची टेकडीही नाही. सासूबाईंना कालच्या विमानात बसवलं ते बरं झालं.

१८ ऑगस्ट, रविवार

अलेक्झांडर माउंटन आटोक्यात. ९,६०० एकरांहून जास्त जळालं.

मधल्या वेळात, ज्याने पार्क झालं तो १९१५ चा कायदा वाचून काढला. फोटोंचं आणि जमिनीचं नातं सांगायचं तर शेवटी नकाशात आणि कलमांतच शिरावं लागतं.

आधी नकाशा. १९०९ मध्ये मिल्सने मागितलं ते सुमारे १,००० चौरस मैल. सरकारी भूशास्त्र खात्याचे रॉबर्ट मार्शल १९१२ मध्ये येऊन पाहून गेले; त्यांनी सुचवलं सुमारे ७००, आणि 'एस्टेस'ऐवजी 'रॉकी माउंटन' हे नावही त्यांचंच. विधेयकाचे मसुदे डेन्व्हरचे वकील जेम्स ग्राफ्टन रॉजर्स यांनी पुन्हा पुन्हा लिहिले. ते नव्याने निघालेल्या कोलोराडो माउंटन क्लबचे अध्यक्ष होते. समोर विरोधक : गुरं चारणारे, खाणवाले, स्थानिक जमीनदारांचा एक गट, आणि खुद्द वनखातं, ज्याच्या ताब्यातली जमीन जाणार होती. गंमत म्हणजे १९०७ ते १९०९ मिल्स सरकारचाच वनविषयक व्याख्याता होता. मग त्याच खात्याशी त्याचं असं वाजलं की पुढे तो त्यांच्याबद्दल एक चांगला शब्द बोलायला तयार नसे. २६ जानेवारी १९१५ ला अध्यक्ष विल्सन यांची सही झाली तेव्हा उरलं होतं ३५८.५ चौरस मैल. मागितल्याच्या जेमतेम तिसरा हिस्सा. दक्षिणेकडचा इंडियन पीक्सचा जो भाग गळला, त्याला संरक्षण मिळायला १९७८ उजाडलं.

हे पुढे गेलं कसं? फोटो होतेच : मासिकांत, पुस्तकांत, वर्तमानपत्रांत. मिल्स लिहीत होता, देशभर बोलत होता, संपादकांना पत्रं पाठवत होता. पण पैशाचं गणितही होतं. वाफेच्या मोटारी करणारे एफ. ओ. स्टॅन्ली यांनी १९०९ मध्ये एस्टेस पार्कला मोठं हॉटेल उघडलं होतं आणि ते मिल्सच्या बाजूने होते. डेन्व्हरच्या व्यापाऱ्यांना प्रवासी हवे होते. मिल्सचं स्वतःचं इनही पार्कच्या सीमेच्या अगदी बाहेर, दारात. त्याला दोष द्यावा असं मला वाटत नाही. ज्याचं पोट त्या डोंगरावर आहे तो त्या डोंगराबद्दल जास्त माहितीने बोलतो. पण भिंतीवर हे लिहायचंच, नाहीतर तो संत होऊन बसेल.

आता कलम. कायद्यात दोन गोष्टी आहेत. एक, पार्कवर वर्षाला १०,००० डॉलरपेक्षा जास्त खर्च करायचा नाही. ही मर्यादा चार वर्षांनी उठली. दुसरी जास्त महत्त्वाची : सरकारच्या सिंचन खात्याला पार्काच्या हद्दीत हवी ती जमीन पाण्याच्या कामासाठी वापरण्याचा हक्क राखून ठेवला. त्या आधारावर १९४० च्या दशकात पर्वताच्या पोटातून, पार्कच्या खालून १३.१ मैलांचा बोगदा खणला गेला, अल्वा अॅडम्स बोगदा. १९४७ पासून पश्चिम उताराचं पाणी त्यातून पूर्वेला येतं. आम्हा फोर्ट कॉलिन्सकरांच्या नळाला येणाऱ्या पाण्यात त्याचा मोठा वाटा आहे. मी हा परिच्छेद वाचून दाखवला तेव्हा नवरा चहाचं आधण ठेवत होता. म्हणाला, "म्हणजे आपणही लाभार्थी."

आणि पाण्याचा हा धागा मिल्सच्या कामापर्यंतही जातो. १९०० नंतरच्या काही हिवाळ्यांत तो कोलोराडो राज्याचा हिमनिरीक्षक होता. नद्यांच्या उगमांपाशी एकट्याने फिरायचं, बर्फ किती खोल आहे ते मोजायचं, म्हणजे खालच्या शेतकऱ्यांना उन्हाळ्यात किती पाणी मिळेल याचा अंदाज बांधता येईल. बरोबर कुऱ्हाड, बेदाणे, कॅमेरा. बंदूक कधीच नाही. हिमकड्याच्या पट्ट्यांचे आणि बर्फातल्या जंगलाचे फोटो या फिरण्यातले. जंगल वर असलं तर बर्फ हळू वितळतो आणि पाणी टिकतं, हे तो व्याख्यानांत सांगायचा ते पाहून, मोजून. शेतकऱ्याला पटेल असा जंगल राखण्याचा मुद्दा त्या काळी हाच होता. सौंदर्याचा नंबर नंतर.

तेव्हा बर्फाच्या फोटोखाली आमच्या नळाची गोष्ट. ही फ्रेम पहिली लावावी का, यावर घरात मतभेद आहेत.

२१ सप्टेंबर, शनिवार

ट्रेल रिज रोडवरून पलीकडे, ग्रँड लेकला. एल्क (मोठी रानहरणं) माजावर आलेत, नरांची शीळ गाडीच्या काचा बंद असताना ऐकू येते. हे सगळे एल्क आणलेले, हे किती जणांना माहीत असतं? मूळचे शिकारीत संपले. १९१३-१४ मध्ये यलोस्टोनहून आणून सोडले. मग शिकारी प्राणी नाहीत म्हणून ते इतके झाले की त्यांनी ओढ्याकाठची विलोची झुडपं खाऊन संपवली, विलो गेला म्हणून बीव्हर गेले. मिल्सच्या बांधांचे फोटो घेऊन आम्ही ओढ्याकाठी फिरलो तेव्हा बऱ्याच ठिकाणी नुसतं गवत होतं. २००८ पासून पार्काने काही ओलसर जागांना उंच कुंपणं घातली आहेत, एल्कना आत जाता येत नाही. आत विलो डोक्याच्या वर गेलाय, बाहेर घोट्याएवढा. कुंपणाच्या तारेत अर्धं-अर्धं धरून एक फोटो काढला. मिल्सच्या कुठल्याच फोटोशी त्याची जोडी लागत नाही, तरी लावणार.

पश्चिमेला मुख्य काम होतं वणव्याच्या फोटोचं. त्याच्या मथळ्यातली ग्रँड नदी म्हणजे आजची कोलोराडो. हे नाव १९२१ मध्ये बदललं. नेमकी जागा सापडणार नव्हती, धूर आणि झाडांखेरीज त्यात धरायला काही नाही. पण २०२० च्या ऑक्टोबरात ईस्ट ट्रबलसम वणवा याच खोऱ्यावरून गेला. एका दिवसरात्रीत लाख एकरांच्या आसपास पेटलं, एकूण १,९३,००० एकरांवर. आग पर्वतरांगेचा माथा, जिथे झाडच नाही, तो ओलांडून पूर्वेला उडाली. ग्रँड लेकजवळ एक वृद्ध जोडपं गेलं.

जळक्या उतारावर आता गुडघाभर अॅस्पन उगवलाय, आणि त्यात उभी काळी खोडं. एक खोड निवडलं. पाइनच. त्याचा फोटो काढला आणि जागेचे अक्षांश-रेखांश नोंदवले. मथळा : 'वणव्यात मेल्याला चार वर्षं.' मिल्सच्या ४७ वर्षांच्या पाइनशेजारी हा लागेल. त्याचा आपला ताळा २०६७ मध्ये कोणीतरी करावा.

५ ऑक्टोबर, शनिवार

या फोटोंत माणसं फार कमी आहेत, आणि आहेत ती पाहुणे. ज्यांचे हे डोंगर होते ते अरापाहो लोक एकाही फ्रेममध्ये नाहीत. मिल्स इथे आला तेव्हा त्यांना हटवून काही वर्षं होऊन गेली होती. रिकामं दिसणारं रान राखायला मागणं सोपं जातं.

पार्कासाठी धडपडणाऱ्यांनाच त्यांची आठवण झाली, ती नावांसाठी. जुलै १९१४ मध्ये माउंटन क्लबच्या लोकांनी वायोमिंगच्या विंड रिव्हर राखीव प्रदेशातून गन ग्रिसवोल्ड आणि शर्मन सेज या दोन वडीलधाऱ्यांना, टॉम क्रिस्पिन या दुभाष्याला घेऊन, घोड्यांवरून इथे फिरवलं. ऑलिव्हर टॉल या तरुणाने त्यांनी सांगितलेलं सगळं टिपून घेतलं. नेव्हर समर पर्वत, कावुनीची खोरं ही नावं त्यांच्या बोलीतून नकाशावर गेली. सहा महिन्यांनी पार्क झालं, आणि ते मात्र परत विंड रिव्हरला.

टॉलच्या नोंदीत लाँग्ज पीक आणि शेजारचं माउंट मीकर यांचं जोडीचं नाव 'दोन वाटाडे' असं आहे, कारण मैदानातून ती दोन शिखरं लांबून दिसायची आणि वाट कळायची. भिंतीचा मोठा मथळा बदलायचा का, असं काकांनी सुचवलं. मी नको म्हटलं. मिल्सच्या प्रदर्शनाला त्यांचं नाव चिकटवणं म्हणजे पुन्हा नावापुरतंच बोलावणं. त्याऐवजी पूर्वेकडच्या दृश्याखाली हे सगळं लिहिलं, आठ ओळींत, बाकीच्या फ्रेमना चारच आहेत.

२० ऑक्टोबर, रविवार

मजकूर पक्का. काकांनी प्रूफं लाल पेनाने तपासली, कागदावरच, पडद्यावर त्यांना चुका दिसत नाहीत.

शेवटच्या फ्रेमसाठी भांडण झालं. नवऱ्याला ४ सप्टेंबर १९१५ चा उद्घाटनाचा समारंभ हवा होता : हॉर्सशू पार्क, पावसाळी हवा, मोटारींच्या रांगा, मिल्स सूत्रधार. मला ते नको होतं, कारण मिल्सची गोष्ट तिथे गोड संपत नाही. १९१९ मध्ये पार्कातल्या प्रवासी वाहतुकीचा मक्ता एकाच कंपनीला दिला गेला, तेव्हा ज्या पार्कासाठी झगडला त्याच पार्काच्या कारभाराविरुद्ध तो उभा राहिला. रॉजर्सशीही जुळलं नाही. 'पार्कचा जनक' ही पदवी वर्तमानपत्राने दिली, ती त्याने आनंदाने मिरवली, आणि इतरांचं श्रेय त्यात झाकलं गेलं, हेही खरं.

त्याच्या कामातलं टिकलं ते वेगळंच. इनमध्ये तो नुसता वर नेणारा वाटाड्या नव्हे, थांबून दाखवणारा वाटाड्या तयार करत होता. एस्थर आणि एलिझाबेथ बर्नेल या बहिणी त्याच्याकडे शिकल्या आणि १९१७ मध्ये नॅशनल पार्क खात्याच्या परवानाधारक निसर्ग-वाटाड्या झालेल्या पहिल्या स्त्रिया ठरल्या. अट अशी होती म्हणे की झाडांच्या हद्दीच्या वर न्यायचं तर पुरुष वाटाड्या सोबत हवा. एस्थरने पुढे मिल्सशी लग्न केलं. आज पार्कात रेंजर मुलांना घेऊन ओढ्याकाठी बसतो, ती पद्धत या घरातून पुढे गेली. तर शेवटची फ्रेम बर्नेल बहिणींची. समारंभ त्याच्या आधी, छोटा. नवरा म्हणतो ही तडजोड नाही, हार आहे.

१० नोव्हेंबर, रविवार

काल कार्यक्रम झाला. दोन दिवसांपूर्वीच्या बर्फामुळे गर्दी कमी असेल असं वाटलं होतं, तसं झालं नाही. पोस्टकार्डाएवढी चित्रं ठेवल्याचा फायदा झाला : लोक नाक लावून पाहत होते आणि मागे रांग लागत होती. नळाच्या पाण्याच्या फ्रेमपाशी सगळ्यात जास्त बोलणं झालं, कोणाच्या गावाला कुठल्या जलाशयातून पाणी येतं यावर. बोडक्या उताराच्या जोडीसमोर अपेक्षेप्रमाणे प्रत्येकाने आधी डावी-उजवी उलट लागलीये का असं विचारलं. काकांनी न सांगता तिथे खुर्ची टाकली आणि फराळाच्या ताटलीसकट दोन तास तिथेच बसले.

पुण्याहून आलेल्या एका गिर्यारोहक मुलीने विचारलं, सह्याद्रीत असं करता येईल का, जुन्या वाटाड्यांचे फोटो मिळतील का. फोटो बहुतेक साहेबांनी आणि संस्थानिकांनी काढलेले मिळतील. वाटाडे त्यांत असतील ते कॅमेऱ्यासमोर, मागे नाही. तिला तसं सांगितलं. पण जागा जुळवायला कोणी काढला याने अडत नाही, म्हणून पद्धतीचं टिपण आणि ठिपके विरघळवण्याची काकांची कृती तिला पाठवते आहे.

बाकी काम : उजवीकडचे सगळे फोटो मूळ आकारात, अक्षांश-रेखांश, तारीख आणि वेळेसह विकिमीडिया कॉमन्सवर चढवायचे, मराठी आणि इंग्रजी दोन्ही मथळे देऊन. जुळलेल्या जागा आणि अंदाजाने धरलेल्या जागा वेगळ्या खुणेने दाखवायच्या. बीव्हरच्या बांधांपैकी दोन अजून राहिलेत, त्यांना आता जूनमध्येच जाता येईल. फ्रेम गॅरेजमध्ये आहेत. लव्हलंडच्या वाचनालयाने जानेवारीसाठी विचारलंय, तिथे काच चालेल.